हिरड्यांचा रंग

सोमवार, १४ तारीख, दुपारी तीन

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. दुकान दोन दिवस बंद ठेवलंय. माझ्यावाचून कुणाचं घड्याळ अडत नाही. प्राण्यांच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून लिहितोय. लिहून झालं की आपल्या समोरचा औषधवाला फोटो काढून तुला पाठवेल. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मी मध्येच खोटं बोलतो. अक्षर वेडंवाकडं आलंय, बाकडं डुगडुगतंय.

आधी गुंडीचं. ती आत आहे, सलाईन चालू आहे. हाक मारली की शेपटीचं टोक तेवढं हलवते. शुक्रवारी मी तुला ‘गोचीडताप आहे, औषध सुरू केलंय’ एवढं सांगून विषय संपवला. प्रकरण इतकं साधं नाही. गोचिडीतून गेलेले जंतू तिच्या रक्तातल्या लाल पेशी फोडत सुटलेत.

नोकरीसाठी गेलीस तेव्हा तू किती बजावलं होतंस. दर महिन्याला मानेवरचे केस बाजूला करून गोचिडीच्या औषधाचे थेंब थेट कातडीवर सोडायचे, रोज कान, काखा, बोटांच्या बेचक्या तपासायच्या. मी म्हटलं, केसाएवढी स्प्रिंग बसवणाऱ्या माणसाला तू गोचीड शोधायला शिकवतेस? पण तपासत होतो, अगदी रोज. कानामागे एक गाठ बोटाला लागली, ती चामखीळ समजून चार दिवस कुरवाळत बसलो. डॉक्टरबाईंनी केस बाजूला केले तर रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचीड. शेजारी आणखी तीन.

मग त्यांनी थेंबांचा डबा मागितला. त्यावर ‘दहा किलोपर्यंतच्या कुत्र्यासाठी’ असं छापलेलं. गुंडी बावीस किलोची. माझ्या तोंडून निघून गेलं की औषधवाल्याने चुकीचा दिला. तुलाही तेच सांगितलं. तू त्याला फोनवर फाडून खाल्लंस, तक्रार करीन म्हणालीस.

त्याची काही चूक नाही. त्याने वजन विचारलं होतं. मी तोऱ्यात म्हटलं, मला वाचता येतं, आणि फळीवरचा डबा स्वतः उचलला. चिऊ, मला वाचता येत नाही. वर्ष झालं. चष्मा बदलूनही अक्षरं मधोमध पुसल्यासारखी दिसतात. आलेली घड्याळं मी गुपचूप दुसऱ्याकडून दुरुस्त करून आणतो. तुला कळलं असतं तर नोकरी सोडून आली असतीस. आणि खरं सांगू, मला लाजही वाटली.

शनिवारी घरी सोडताना डॉक्टरबाई म्हणाल्या, सकाळ-संध्याकाळ हिरड्या बघा. गुलाबी असतील तर ठीक, पांढऱ्या पडल्या तर तशीच उचलून आणा. मी शहाण्यासारखी मान डोलावली. आज सकाळी तिने पाण्याला तोंड लावलं नाही. तिला खिडकीशी नेलं, ओठ वर केला, बॅटरी लावली. मला रंगच कळेना. अर्धा तास मी तसाच बसून होतो, आणि तिच्यापाशी तेवढा वेळ नव्हता.

शेवटी रस्ता ओलांडून त्याच औषधवाल्याकडे गेलो. म्हटलं, मला दिसत नाही रे, तू बघ. तो माझ्यामागोमाग आला आणि तिच्यापाशी वाकला.

“काका, कागदासारख्या पांढऱ्या आहेत. उचला तिला.”

गुंडीला रक्त द्यावं लागणार आहे. त्यासाठी तो स्वतःचा कुत्रा घेऊन आलाय. जुळतं का ते आत तपासतायत. मी त्याची माफी मागितली. तुलाही मागावी लागेल, माझ्यापायी.

तू ये. ती वाचली तर तिला तुझ्याकडे घेऊन जा. हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आणि नाही वाचली, तर ‘बाबा, तुमची चूक नाही’ असं मला म्हणू नकोस.

आता तुझ्यापासून काहीही न लपवणारा,
बाबा