पाचवीची हजेरी आणि समुद्रावरची गाढवं

१० जून, सोमवार

अस्वल पुन्हा माझ्या खुर्चीवर! म्हणजे मी दिवसभर उभी. पाय सुजलेत.

आठवडाभर ज्या वर्गात एकही पोर गैरहजर नाही, त्या वर्गाला हे अस्वल मिळतं. माणसाएवढं, कापडी, गळ्यात शाळेचा टाय. आमच्या हेडमास्तरांची, टॉर्डॉफसाहेबांची कल्पना. आणि जुलैत उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत जो वर्ग असाच पूर्ण राहील, त्याला क्लीथॉर्प्सच्या समुद्रकाठी वाळूवर गाढवाची सवारी. बाकीचे सगळे वर्ग केव्हाच गळाले. उरलो आम्ही – पाचवी. पोरांच्या अंगात आलंय नुसतं.

रीस सकाळी दारातच कचऱ्याच्या डब्यात ओकला. तोंड पुसत ओरडला, "झालं, मिस! आता बरा आहे मी! घ्या हजेरी!"

घेतली. काय करणार?

११ जून, मंगळवार

आर्लोला कांजिण्या. अंगभर! आई म्हणते डास चावले, आणि पाठवलं शाळेत.

१३ जून, गुरुवार

प्रार्थनेनंतर टॉर्डॉफसाहेबांचं भाषण. भिंतीवर आलेख. "हजेरी म्हणजे भविष्य, मुलांनो!" पहिलीतली एक चिमुरडी रडायला लागली – तिला वाटलं भविष्य बुडालं आपलं. मागच्या वर्षी तिला गोवर झाला होता.

माणूस वाईट नाही तो. वरून त्याच्या मानगुटीवर कुणीतरी बसलंय, त्याच्या मानगुटीवर बसणाराही कुणीतरी असेल. सगळ्यात खाली रीस आणि त्याचा डबा.

१७ जून, सोमवार

नेलचे आजोबा गेले. विल्फ.

काल दुपारी बंदरावरच्या हॉलमध्ये हाऊजीचे आकडे पुकारता पुकारताच गेले. आकडा सांगितला आणि मान टाकली. बायका बराच वेळ पुढच्या आकड्याची वाट बघत बसल्या – त्यांना वाटलं, विल्फची थट्टा चाललीय. नेल आजोबांजवळच राहायची, तान्ही होती तेव्हापासून. तिला दुसरं घर नाही.

आणि आज सकाळी ही बया वर्गात हजर! इस्त्रीचा शर्ट, वेणी स्वतःची स्वतः घातलेली, वाकडी. नाव घेतलं तर म्हणे, "हजर, मिस."

मधल्या सुट्टीत बाजूला घेतली. "अगं, आज कशाला आलीस राणी?"

"मी नाही आले तर सगळ्यांची गाढवं जातील ना."

मी सामानाच्या खोलीत गेले आणि डिंकाच्या बाटल्यांमध्ये बसून रडले. या वयात!

१८ जून, मंगळवार

अंत्यविधी पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी दुपारी. टॉर्डॉफसाहेबांकडे गेले.

"रजा ना? मिळेल की! असल्या वेळी नाही म्हणायला मी काय राक्षस आहे?"

"मग वर्गाचं शंभर टक्के राहील?"

ते पेनशी खेळायला लागले. "ग्लेनिसबाई, रजा मंजूर असली तरी गैरहजेरी ती गैरहजेरीच. आकड्याला दुःख कळत नाही हो."

आकड्याला नाही कळत, तुम्हाला कळतं ना? – हे मी जिन्यावर आल्यावर म्हटलं. नेहमीचंच आहे माझं.

नेलला सांगितलं, तू जायचंस, बाकी कशाचा विचार करायचा नाही. ती शांतपणे म्हणाली, "मी नाही जाणार. आजोबांना आता काय कळतंय? वर्गाला कळेल."

वर्गाला कळलंय. कुणी तिला एका शब्दानं बोललं नाही. उलट सगळे भयंकर चांगले वागताहेत तिच्याशी! रीसनं आपली बिस्किटं दिली, आर्लोनं नवा खोडरबर. पोरगी बिस्किटं हातात धरून बसून राहिली. कार्ट्यांनो, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ जून, शुक्रवार

नेलची मावशी आली, हेझल. पेन्झान्सहून – देशाच्या पार दुसऱ्या टोकाहून. फाटकात मला गाठलं.

"पोरगी म्हणते, आजोबांना निरोप द्यायला येणार नाही, शाळा आहे. तुम्ही शिकवता तरी काय हो तिला?"

भूगोल, म्हणाले मी. दुसरं काही सुचलंच नाही.

२४ जून, सोमवार

डोरीन! ऑफिसातली आमची डोरीन! तिच्या चहाच्या मगाची पूजा करायला हवी.

"अगं, सहलीला गेलेलं पोर हजर धरतात," ती म्हणाली. "मग एकट्या नेललाच कशाला? सगळ्यांनाच ने."

"कुठे?"

"विल्फकडे."

बसलो दोघी कागद रंगवत. सहलीचा विषय – गणित, आकड्यांचा समाजजीवनातला उपयोग. स्थळ – दहनगृह. संभाव्य धोका – आग. उपाय – जवळ जाऊ नये.

पालकांची परवानगीही फोनवरच आली. आर्लोच्या आईनं तर विचारलं, खाऊला पैसे द्यायचे का?

२५ जून, मंगळवार

टॉर्डॉफसाहेबांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढला. मला वाटलं, आता नोकरी जाते आपली.

"डबे शाळेचे की घरचे?" त्यांनी विचारलं. आणि सही केली!

नेलला सांगितलं. तिनं विचारलं, "सगळे? खरंच? म्हणजे कुणाचंच काही जाणार नाही?" आणि आजोबा गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली.

२८ जून, शुक्रवार

झालं बाई एकदाचं.

पिवळी चमकदार जाकिटं घालून, जोडीजोडीनं हात धरून अख्खी पाचवी दहनगृहात. शववाहिका आली तेव्हा आम्ही हिरवळीवर सँडविच खात होतो. पोरं तोंडातला घास तसाच ठेवून उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं.

पण दुपारची हजेरी! ती ठरल्या वेळेलाच घ्यावी लागते, आणि तेव्हा तर आम्ही आत, समोर विल्फची पेटी. मी पाद्रीबाईंच्या कानात सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं – आणि म्हणाल्या, "घ्या की. देव थांबेल."

घेतली! कुजबुजत सुरुवात केली, पण त्या छताखाली आवाज घुमतो. एकेक पोर "हजर, मिस". मागे हाऊजीच्या म्हाताऱ्या हुंदके देताहेत. नेलचं नाव आलं. "हजर," ती म्हणाली, पेटीकडे बघत.

आर्लो माझी बाही ओढून विचारतो – त्याला हळू बोलता येत नाही – "मिस, नेलचे आजोबापण आलेत ना? त्यांना हजर धरायचं का?"

आणि नेल हसली. मोठ्यानं, खो खो! हसता हसता जी रडायला लागली ती मावशीच्या मांडीत तोंड खुपसून रडतच राहिली. इतके दिवस कुठे ठेवलं होतं हे पोरीनं? मीही रडले. रीसनं मला त्याचा रुमाल दिला, तो आधीच वापरलेला होता.

पडदा सरकून पेटी आत जायला लागली तेव्हा मागून एक म्हातारी उठून ओरडली, "फुल हाऊस, विल्फ!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाळेत आल्यावर सहलीच्या अहवालात मी त्यापुढे 'मानवंदना' असा शेरा लिहिला.

५ जुलै, शुक्रवार

अस्वल अजून आमच्याकडेच. टॉर्डॉफसाहेब मला जिन्यात भेटून अंगठा दाखवतात. हेझल आज डोरीनकडे बराच वेळ बसली होती.

१२ जुलै, शुक्रवार

नेलचा आज शेवटचा दिवस. मावशी तिला पेन्झान्सला नेणार. सुट्टीपर्यंत थांबा म्हटलं, तर हेझल म्हणाली घर रिकामं करून द्यायचंय, थांबायचं तरी कुठे? खरंच आहे तिचं.

वर्गाला सांगितलं. मला वाटलं, आता गाढवांचं विचारणार ही पोरं. चीड आधीच तोंडाशी आणून ठेवली होती मी. रीस उभा राहिला. "मिस, सोमवारपासून नेल गैरहजर. म्हणजे संपलं ना आपलं?"

"संपलं, बाळा."

"जाऊ दे मग," तो म्हणाला. "गाढवं चावतात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. अस्वलाच्या गळ्यातला टाय काढून नेलच्या गळ्यात घातला. चोरीच ती, पण मी खिडकीबाहेर बघत होते. ही माझी पोरं! इतकी शहाणी कधी झाली?

१५ जुलै, सोमवार

सकाळी हजेरी घेतली. नेलचं नाव यादीत नव्हतंच. ऑफिसातून काढून टाकलेलं. मी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

जे पोर पटावर नाही, ते गैरहजर होत नाही. शंभर टक्के!

टॉर्डॉफसाहेब स्वतः वर्गात आले. "गाढवं शुक्रवारी!" म्हणाले आणि टाळ्या वाजवायला लागले. बराच वेळ वाजवत होते, एकटेच.