परीक्षेत चालून दाखवल्याची हकिकत

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (हल्ली वाकताना कमरेतून वाकावं की खुब्यातून, असा प्रश्न पडतो. कारण पुढे येईलच.) तुझी तब्येत, भाऊजींचा खोकला आणि वरच्या मजल्यावाल्यांशी चाललेला पाण्याच्या टाकीचा वाद, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे सगळे ठीक. लोकांना चष्मे लागतायत, मी ते लावतोय. परवा फोनवर तू लेकीच्या परीक्षेचं विचारलंस, तेव्हा मी 'झाली' एवढंच म्हणून फोन हिच्या हातात दिला. तुला वाटलं असेल पोरगी आपटली. तसं नाही, पण जे झालं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितो.

लेक फिजिओथेरपी शिकते हे तुला ठाऊकच आहे. माणूस उठतो, बसतो, चालतो तेव्हा कुठला स्नायू काय ओढतो आणि कुठलं हाड काय सोसतं, असा तिला एक विषय आहे. त्याच्या प्रॅक्टिकलमध्ये ती मागच्या खेपेला राहिली होती. (हे तुला कळवलं नव्हतं. आता कळलं.) यंदाही राहिली असती तर वर्ष गेलं असतं. परीक्षेची रीत अशी, की ज्यानं त्यानं आपापला माणूस सोबत आणायचा आणि परीक्षकांसमोर त्याला चालवून त्याच्या चालीतला बिघाड दाखवायचा. बाकीच्या मुलांनी शेजारीपाजारी धुंडाळले. आमच्या लेकीनं जेवता जेवता माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही लंगडता."

मी म्हटलं, "लंगडत नाही. डौलात चालतो."

"तो डौल एकाच बाजूला जातो," ही ताटातून मान वर न करता म्हणाली. ठरलं.

मी बिचकू नये म्हणून लेकीनं मला आधी सगळं समजावून सांगितलं. माझं चुकलं एवढंच, की मी ते मन लावून ऐकलं. ताई, चालणं म्हणजे काय हे तुला माहीत आहे का? चालणं म्हणजे पुढे पडणं. दर पावलाला आपण थोडे पुढे तोल सोडतो आणि पूर्ण पडायच्या आत दुसरा पाय खाली येऊन आपल्याला झेलतो. शिवाय एक पाय उचलला की सगळा देह दुसऱ्या खुब्यावर तोललेला असतो, मुलांच्या सीसॉसारखा. सीसॉच्या लांब टोकाला आपलं अख्खं वजन आणि आखूड टोकाला खुब्याच्या बाजूचा एक स्नायू. टोक आखूड म्हणून त्या बिचाऱ्यानं वजनाहून कितीतरी जास्त जोर लावायचा, तेव्हा कुठे कंबर सरळ राहते. इतकी वर्षं मी हे सगळं काही न कळता करत होतो आणि बरं चाललं होतं. कळल्या दिवसापासून मला दुकानाचा उंबरा ओलांडता येईना. कुठला पाय झेलणार आणि कुठला पडणार, हे आधी ठरवावं लागे. एका गिऱ्हाइकानं तर मला खुर्ची आणून दिली.

परीक्षेच्या दिवशी मला हाफपँट घालून एका लांबलचक खोलीत उभं केलं. खुबे, गुडघे, घोटे, सगळीकडे गोल टिकल्या चिकटवल्या. (तुझी भावजय सोबत येते म्हणत होती. मी येऊ दिलं नाही, हे बरंच केलं.) परीक्षक बाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांचा चष्मा सारखा नाकावर घसरत होता. उजवी दांडी जराशी आत वळवली की काम होतं, पण तेव्हा बोलायची सोय नव्हती. बाई म्हणाल्या, "नेहमीसारखं चाला."

नेहमीसारखं कसं ते मला आठवेना. मी उजव्या पायाबरोबर उजवा हात पुढे टाकला. ते चुकलं म्हणून थांबून पाय बदलला, तर हातही बदलला. परतताना छाती काढून चाललो. तिसऱ्या फेरीला लेकीची अडचण नको म्हणून मुद्दाम लंगडलो, पण घाईत डाव्या पायानं लंगडलो. बाईंनी काही टिपून घेतलं, मग खोडलं. म्हणाल्या, "यांच्यात दोष आहेत, पण दर फेरीला वेगळे दिसतायत. मी नेमका कुठला धरायचा?"

लेकीचा चेहरा उतरला. आजवर मी हजारो लोकांना समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावली असतील. येत नसली की माणसं कशी ओशाळतात, ते मला त्या दिवशी आतून कळलं. वाटलं, पोरीचं वर्ष माझ्या पायांनी घालवलं. तेवढ्यात ती खिडकीपाशी गेली, खाली पाहिलं आणि अगदी सहज म्हणाली, "बाबा, तुमची स्कूटर उचलून नेतायत."

पुढचं मला नीटसं आठवत नाही. खोली, व्हरांडा, जिना, फाटक. रस्त्यावर पोचलो तर स्कूटर जागच्या जागी. आसपास चिटपाखरू नाही. आणि मी हाफपँटीत, टिकल्यांसकट. मागे वळलो तर पायऱ्यांवर परीक्षक बाई, त्यांच्या मागे अख्खा वर्ग, आणि लेक माझ्याकडे बोट दाखवून शांतपणे सांगतेय, "उजव्या पायावर भार आला की डावी कंबर खाली जाते आणि तोल सावरायला हे सगळं अंग उजवीकडे टाकतात. म्हणजे उजव्या खुब्याच्या बाजूचा स्नायू कमजोर आहे. विचार करून चालले की हे लपतं. घाईत लपत नाही."

बाईंनी विचारलं, "पेशंटला याची कल्पना आहे?"

"नाही. त्यांना तो डौल वाटतो."

बाई हसल्या नाहीत, पण चष्मा वर सरकवायला त्यांना बराच वेळ लागला. मग मला म्हणाल्या, "आता तसेच वर या. जिना चढतानाही बघू." चढलो. पोरगी पास झाली.

परतताना ती स्कूटरवर मागे बसली होती. म्हणाली, "दुकानात उभे असता तेव्हा सगळं वजन डाव्या पायावर टाकता. मी शाळेत होते तेव्हापासून बघतेय. दुखतं का?" मी नाही म्हटलं. पुढच्या चौकात सिग्नलला थांबलो, तेव्हा म्हटलं, थोडं दुखतं. तिनं मागून खांद्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.

असो. भाऊजींना नमस्कार. टाकीचं काय झालं ते कळव.

तुझा,
धाकटा

ता. क. तू मोरीत पडलीस, हे भाच्यानं मला कळवलं. त्याच्यावर रागावू नकोस, त्याला मीच खोदून विचारलं. डॉक्टरांना नुसतं 'पाय घसरला' सांगून मोकळी झालीस म्हणे. माझी परीक्षेची गंमत सांगायला एवढं मोठं पत्र लागत नव्हतं. महिनाभर इकडे राहायला ये. लेक तुला चालवून बघेल. हाफपँट घालावी लागणार नाही, तसं तिच्याकडून कबूल करून घेतलंय.

आणखी एक. मला जो व्यायाम दिलाय, तो मी एकदाही केलेला नाही. भिंत धरून एक पाय बाजूला उचलत एकट्यानं उभं राहिलं की फार खुळ्यासारखं वाटतं. दोघं असलो तर जमेल.