तळं बुजू देणार नाही, व्याहीबुवा

श्रीयुत खुशालराव व्याही, मुक्काम राजापेठ, अमरावती, यांना बाळापूर तालुक्यातून देवीदासचा दोन्ही हात जोडून रामराम. विहीणबाईंनाही नमस्कार सांगावा. तुमची शुगर आणि त्यांचे गुडघे आपापल्या हद्दीत असतील अशी आशा आहे. आमच्याकडे सगळे घरी सुखात आहेत, फक्त मी घरी नाही, कारण गेले नऊ दिवस मी तळ्यात बसलो आहे. (घाबरू नका, तळं कोरडं आहे. उन्हाळ्यात ते कोरडंच असतं. तेवढ्यावरून ते तळंच नाही असं ठरवणारा माणूस तुमच्या नात्यात निघाला, म्हणून हे पत्र.) फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मला मधेच तोडता. पत्राला ती सोय नाही.

परवा तुमचा निरोप पोचला, की देवीदासने तळ्यातून उठावं, नाहीतर आमच्या वर्षालीची नि तुमच्या कुंदनची सोयरीक मोडली समजावी. निरोप घेऊन आले तुमचे साळे देवमनराव, आणि तळं बुजवायचा ठेकाही देवमनरावांचाच, म्हणजे एका फेरीत त्यांची दोन कामं झाली. माणूस हुशार आहे, यात वाद नाही. त्यांना या जागेवर मंगल कार्यालय बांधायचं आहे, वातानुकूलित, वर नवरीसाठी वेगळी लिफ्ट. जागा गावाची, ई-क्लासची, म्हणजे गायरान. तिथे आमच्या आजापणज्यांची गुरं चरली, बैल धुतले गेले. तिच्यावर एका माणसाची लिफ्ट कशी चढणार, हे मी विचारलं तर म्हणाले, "देवीदासभाऊ, तुमी विकासाच्या आडवे कावून येऊन राहिले?" मी आडवा नाही, बसलेला आहे, एवढंच सांगितलं.

तुम्ही अमरावतीचे, नळाचं पाणी पिणारे, म्हणून जरा समजावून सांगतो. आमचा पट्टा खारपाणाचा. बोअर मारावी तर पाणी असं लागतं की त्यात भाजी शिजवली तर मीठ टाकायला नको. या तळ्याच्या खालच्या अंगाला आम्हा माळ्यांच्या तेवीस विहिरी आहेत आणि पावसाळ्यात तळ्यात मुरलेल्या पाण्यामुळे त्या तेवढ्या गोड राहिल्या आहेत. साखरपुड्याला तुम्ही जिची तीन वेळा मागून भाजी खाल्लीत ती मेथी त्याच पाण्याची. तळं बुजलं की चार वर्षांत विहिरी खारट होतील, मळे जातील, आणि माझा धाकटा चंदन अकोल्यात कुणाच्या तरी दुकानात वजनं उचलेल. मला त्याची फार चीड येते, व्याहीबुवा, आणि ती लपवायची माझी इच्छा नाही.

आता खरी गंमत. देवमनरावांचे मुरूम भरलेले तीन ट्रॅक्टर आले त्या दिवशी आम्ही अकरा जण होतो आणि अडवायचं कसं ते एकालाही सुचेना. आमच्या गावात लग्नाची चूल याच तळ्याच्या मातीची लागते, हे तुम्हाला माहीत आहेच. मांडव पडायच्या आधी बायका वाजतगाजत येतात, मातीला हळदकुंकू वाहतात, पाट्या भरून नेतात. तेव्हा वर्षालीची आई (मनकर्णाबाई म्हणून मी जिला पत्रातच हाक मारू शकतो ती) डफडेवाला घेऊन सतरा बायकांसह आली आणि वर्षालीच्या लग्नाची माती खणायला बसली. लग्नाला महिना अवकाश. पण पुढचा ट्रॅक्टरवाला काही मुहूर्त बघायला गेला नाही. त्याने इंजिन बंद केलं, टोपी काढली आणि म्हणाला, "बाई, माह्या घरी बी पोरी हायेत. मांडवाच्या मातीवर मी मुरूम नाई टाकत." देवमनराव ओरडत राहिले. तो तंबाखू मळत राहिला.

मग काय, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरचं लग्न, तिसऱ्या दिवशी तिसऱ्या घरचं. गावात इतकी लग्नं जमली की नवऱ्या कमी पडल्या. तहसिलीतून साहेब आले, त्यांनी वही काढली आणि वधू-वरांची नावं मागितली. इथे आमचं चुकलं. घाईत चंदनने पुंजारामबुवांचं नाव सांगून टाकलं. बुवा बाहत्तर वर्षांचे, बायको जाऊन पंधरा वर्षं झाली. साहेब गेले, पण बुवा तेव्हापासून रोज दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून तळ्यात सगळ्यांच्या आधी हजर होतात आणि मला एका बाजूला घेऊन विचारतात, "देवीदास, पोरगी कोन्या गावची हाय, येवढं तं सांग." सरकारदरबारी नोंद झाली आहे म्हणतात, आता माघार नाही. तेव्हा तुमच्या ओळखीत कुणी पोक्त, शांत स्वभावाची बाई असल्यास कळवा. हे मी थट्टेने लिहीत नाही.

तुमच्या निरोपाचं उत्तर असं. पोरीचं जमलेलं लग्न बापाच्या हट्टापायी मोडलं असं लोक म्हणतील, याची मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. निरोप ऐकून मी चपला घातल्याही होत्या. वर्षालीने विचारलं कुठे निघालात, मी म्हटलं उठतो, तुझ्यासाठी. ती म्हणाली, "बाबा, तुमी उठले तं तुमच्या जाग्यावर मी बसीन. आन् मी बसली की उठत नसतो." मी चपला पुन्हा काढल्या. तेव्हा तळं सोडणार नाही. सोयरीक तुम्ही जोडलीत तशी तुम्ही मोडू शकता, तळं मात्र आपल्या दोघांच्याही बापांनी खणलेलं नाही, ते मोडायचा हक्क आपल्याला नाही. एवढं उद्धट लिहिल्याबद्दल लहान समजून माफ करावं, लिहिलेलं मात्र खोडणार नाही.

तळ्यातूनच,
तुमचा (अजून तरी) व्याही,
देवीदास

ता. क. लग्न झालंच तर मांडव तळ्याच्या काठावर पडेल. लिफ्टची सोय नाही. विहीणबाईंच्या गुडघ्यांसाठी खुर्ची ठेवीन.

आणखी एक ता. क. ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते राहूनच गेलं. कुंदनचे दोन सदरे आणि चष्म्याचं घर एसटीने पाठवा. तो नागपूरला परीक्षेला गेला असं तुम्हाला वाटत असेल, पण मंगळवारपासून तो इथेच आहे. या जागेवर तळं दाखवणारा मोजणीचा जुना नकाशा त्यानेच शोधून आणला. पहिल्या रांगेत बसतो, वर्षालीपासून चार माणसं सोडून (ती चार माणसं मी नेमली आहेत). सोयरीक मोडायची असेल तर त्याला न्यायला मात्र तुम्हीच या, मी सांगून थकलो. काल जा म्हटलं तर म्हणाला, "बाबूजी, आमच्या बाबाले कळवा, पयले माह्या मामाचे ट्रॅक्टर वापस न्या, मंग मी उठतो."