पाकिटातल्या चिठ्ठ्या

प्रिय धाकटे,

घाबरून लिहितेय, तेव्हा वाक्यं पुढेमागे झाली तर सांभाळून घे. परवापासून माझ्याच डोक्याची मला धास्ती वाटतेय, आणि तुझ्याशिवाय हे कुणाशी बोलणार?

आमच्या वाचनालयातली ती हजार पानांची जुनी स्पॅनिश कादंबरी तुला ठाऊक आहे. उशाला घेतली तर मान धरेल, असं तूच म्हणायचीस. तीस वर्षं मी ती लोकांना देत आले, स्वतः कधी उघडली नाही. निवृत्तीला चार महिने उरले म्हणून अखेर वाचायला घेतली आणि परवा संपवली. आमच्याकडे पुस्तक परत करताना मागच्या पाकिटात अभिप्रायाची चिठ्ठी ठेवायची पद्धत आहे. तारीख घालायची, नाव नाही. नाव नसलं की माणूस खरं लिहितो. मीही लिहायला बसले आणि आधी इतरांच्या चिठ्ठ्या काढल्या.

एकेक मासला बघ. कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांनी लिहिलंय, दोनशे पानं कातरली असती तर अंगाला नीट बसली असती. गणिताच्या बाईंचा निकाल असा, की नायक शहाणा आहे, वेडे बाकीचे. पुढच्या चिठ्ठीत हसून पुरेवाट झाली म्हणे. तिच्यामागच्या चिठ्ठीत लिहिलंय, शेवटी इतकं रडू आलं, की चष्मा काढून ठेवावा लागला. आणि एक नुसती चिडलेली, बिचाऱ्या नायकाची एवढी थट्टा करणाऱ्या लेखकाला माफी नाही म्हणणारी. व्यक्ती तितक्या प्रकृती, म्हणून मी हसलेसुद्धा. मग अक्षर पाहिलं. त्या शेवटच्या तिन्ही चिठ्ठ्या माझ्या आहेत. माझं उजवीकडे कलणारं अक्षर, माझीच हिरवी शाई. तारखा गेल्या दोन वर्षांतल्या. मी ही कादंबरी चौथ्यांदा वाचली गं, आणि मला प्रत्येक पान नवं होतं.

आईचं कसं सुरू झालं ते आपण दोघींनीच पाहिलंय. शेवटी तिने मला विचारलं होतं, बाई, तुम्ही कुणाच्या? तेच मला आता डोळ्यांसमोर दिसतं. तुझ्या भाऊजींना सांगितलेलं नाही, ते जिवाला लावून घेतील. डॉक्टरांकडे बुधवारी अकराची वेळ घेतलीय, पण एकटीने जायची हिंमत होत नाही. तू ये. आणि हे सगळं मी तुला याआधीही लिहिलं असेल, तर तसं स्पष्ट सांग. मी घाबरणार नाही असं लिहिणार होते, पण घाबरेन. तरी सांग.

तुझीच,
ताई