वसुलीची आजी

३ जून
नोकरी लागली! या वयात! नातीला शिकायला कर्ज हवं म्हणून कंपनीचा साहेब घर बघायला आला, तेव्हा मी फोनवर दूधवाल्याला झाडत होते. साहेबाचा चहा गार झाला, पण ऐकत बसला. जाताना म्हणाला, "आजी, आमच्याकडे या. बोलायचे पैसे देतो." म्हटलं, जन्मभर फुकट बोलले, म्हणजे तोटाच झाला की!

५ जून
काम असं. शिक्षणासाठी कर्ज घेतलेली पोरं हप्ते थकवतात. आधी त्यांना दांडगे लोक फोन करून दम द्यायचे. मग या कर्जकंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कचेरीने नियम काढला — दमदाटी बंद. म्हणून आम्ही. काचेच्या खोलीत पाच म्हाताऱ्या, कानाला यंत्र. दांडग्याचा फोन कापता येतो, आजीचा कापवत नाही. साहेब म्हणतो, "नियमात धमकी बसत नाही आजी, माया बसते." फार गोड बोलतो मेला. त्याचं नाव मी गुळगुळ्या ठेवलंय. मनातल्या मनात.

१९ जून
आज एक पोरगी. घरांचे नकाशे काढायला शिकली, आता दुकानात कपड्यांच्या घड्या घालते. "पगारच पुरत नाही हो, आजी."
"पगार नाही तर नाही, फोन उचलायला काय धाड भरते?"
रडली. मग हसायलाच लागली. म्हणे, माझी आजी अस्संच टोचून बोलायची. मला काही तिचा उमाळा-बिमाळा आला नाही. पण उद्या पुन्हा करणार आहे फोन.

२ जुलै
गुळगुळ्याने पाचही जणींना बोलावलं. तीन हप्ते लागोपाठ भरले की दंडाचं व्याज माफ! "कागदावर नाही, तोंडीच सांगा. तुमच्या तोंडून पटतं." मी विचारलं, नक्की ना? "आजी, मी तुमच्या नातवासारखा!" नातवंडं पैसे मागतात, हा पगार देतो. म्हणजे बराच म्हणायचा.

३ जुलै
दिवसभर तेच. "भर गं बाई, मी सांगते ना." घसा बसला. पण भरतायत पोरं!

९ ऑक्टोबर
नकाशेवालीने आपणहून फोन केला. स्कूटर विकून तीन हप्ते भरले तिने. दंड होता तिथेच, उलट चढलाय. "आजी, तुम्ही शब्द दिला होता." एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.
तशीच उठून गुळगुळ्याकडे गेले. वर मान करेना. "माफी? कोण म्हणालं?" तू म्हणालास! "आजी, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय." बाकीच्या चौघींकडे बघितलं. एक पिशवीत चष्मा शोधायला लागली. उरलेल्या तिला शोधायला मदत करू लागल्या. चष्मा तिच्या नाकावर होता!

११ ऑक्टोबर
नोकरी सोडली. नकाशेवालीला घेऊन त्या सरकारी कचेरीत तक्रार करून आले. तपासणीवाली बाई तरुण आहे, पण ऐकून घेते. म्हणाली, कंपनीनेच माफी सांगायला लावलं हे ठरलं, तर सगळ्याच पोरांचा दंड जाईल. पण लेखी काही नाही. सगळं तुमच्या सांगण्यावर आहे. म्हटलं, मग झालंच की काम.

१४ ऑक्टोबर
नात भडकली. "तुला कुणी सांगितलं होतं नाक खुपसायला? माझ्या शेवटच्या वर्षाची फी अजून त्यांनी भरायचीय." मी म्हटलं, मंजूर झालेलं कर्ज असं अडवता येत नाही, बाईंनी सांगितलंय, नियम आहे. "नियम! कुठल्या जगात राहतेस गं आजी!" जेवली नाही. मी जेवले.

२२ ऑक्टोबर
आज सुनावणी. कंपनीचा वकील म्हणाला, या आजींनी आपल्या मनानेच माफी वाटली. मी तोंड उघडणार, तोच नात आत आली. वाटलं, आली माझी पोर! सरकून जागा केली. ती गुळगुळ्याच्या शेजारी जाऊन बसली.
खाली बघून बोलत होती. "आजीला हल्ली आठवत नाही. काहीही जोडून सांगते. गॅस चालू ठेवून झोपते."
गॅस! तो तर हीच चालू ठेवते आणि मी बंद करते!
मी ओरडले. ओरडायला नको होतं. तपासणीवाली बाई एकदम हळू आवाजात बोलायला लागली, आजाऱ्याशी बोलतात तशी. "डॉक्टरांना दाखवून या, आजी. मग बघू." बाहेर नकाशेवाली माझ्याकडे न बघताच निघून गेली.
केसाने गळा कापला पोरीने. आणि केस कुणाचे? लहानपणापासून मी विंचरून दिले ते.

२४ ऑक्टोबर
नातीची फी भरली गेली. एरवी कंपनी महिना लावते. नात मैत्रिणीकडे राहायला गेली. जाऊ दे.

२७ ऑक्टोबर
उद्या दुपारी डॉक्टर. डोकं ठणठणीत आहे असं लिहून घेते आणि सगळ्यांच्या तोंडावर मारते. त्या पोरांचा दंड माफ झालाच पाहिजे. मी सांगितलंय त्यांना. मी!

२८ ऑक्टोबर
सकाळीच नात दारात. "आजी, चुकले मी. गॅसचं खोटं होतं. बाईंना जाऊन सांगते सगळं."
मी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "आपण कोण, बाई?"
मुद्दाम! चांगलं लागलं तिला. रडत जिना उतरली. मग मलाच वाटलं, फार झालं. कठड्याशी गेले, वाकले, हाक मारायला तोंड उघडलं —
तिचं नाव आठवेना.
खालचं दार आपटलं. अजून आठवत नाहीये.