सोमवारचं काम

लातूर,
चैत्र, १९८६

प्रिय विमल,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या अनंतरावांनी नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात आमच्या ह्यांच्यासाठी वायरमनच्या जागेचं बोलून ठेवलंय, हे वाचून मी आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग उत्तर लिहायचं टाळत बसले. का, ते सांगते.

लातूर जिल्हा झाल्यापासून इथे जिकडेतिकडे नवी ऑफिसं, नवे बंगले. पाणी मात्र टँकरचं. वायरिंगच्या कामाला तोटा नाही, तरी दिवाळीत मीच दुकान बंद करा म्हणून हटून बसले होते. अगं, हे बिघाड काढायला गेले की तारेचे न् बटणाचे तेवढे पैसे घ्यायचे. नुसता जोड ढिला असला तर चहा पिऊन परत! जाण्यायेण्यात गेलेली सकाळ, तेवढा वेळ बंद राहिलेलं दुकान, ते कुठेच धरायचे नाहीत. काम हीच पूजा मानणारी माणसं आम्ही, तिचे कसले पैसे, असं ह्यांचं म्हणणं. पण पूजेनं घरात किराणा येत नाही गं.

त्यात आमच्या शेजारचे नरसिंगराव. बोअरचं पाणी आटलं तरी त्यांची मोटर चालूच. ती जळायची, आणि आमचे हे शेजारधर्म म्हणून फुकट दुरुस्त करून द्यायचे. शेवटी मीच दुकानात जाऊन बसले आणि येण्याचे, हातकामाचे सगळे पैसे लावले. नरसिंगराव असे तणतणले! "चंद्रप्पा, दुकान तुझी बायको चालवून राहिली का?" मी म्हटलं, हाव. पैसे दिले बिचाऱ्यांनी, आणि दुसऱ्या दिवसापासून मोटरजवळ खुर्ची टाकून बसायला लागले. मोटर काही पुन्हा जळली नाही. हे एकदा ते बघून आले. मग म्हणाले, "म्हंजे फुकट करून मीच त्याची मोटर जाळून राहिलो होतो की!" मला इतकं हसू आलं म्हणून सांगू.

तरी गावाच्या बोअरचे पैसे घ्यायला ह्यांचा जीव होईना. ह्या दुष्काळात बायाबापड्या घागरी घेऊन उभ्या असतात, मलाही ते बरं वाटेना. म्हणून सोमवार महादेवाचा ठरवला. त्या दिवशी गावच्या बोअरचं काम फुकट. बाकी दिवस दुकानाबाहेर रंगवून लावलेला दर, जावयालासुद्धा तोच. लोक कुरकुरले, पण येतात. सायकल जाऊन लूना आली, आणि हे आता सकाळी शीळ घालत दुकान उघडतात.

तेव्हा विमल, ती जागा दुसऱ्या गरजू माणसाला द्यायला अनंतरावांना सांग. त्यांनी शब्द टाकला होता, त्यांना वाईट वाटू देऊ नकोस. तुझ्या शेजारी राहायला मिळालं असतं, त्यासाठी मात्र मी परवा खरंच रडले. तुझं नांदेडचं घर बांधून होईल तेव्हा वायरिंगला हेच येतील, बरोबर मीही येईन. मैत्रीण असली तरी फलकावरचा दर सोडायचा नाही, असं मी ह्यांना बजावून ठेवलंय. म्हणून तुला गुपचूप सांगते, आम्हाला सोमवारी बोलाव; त्या दिवशी तुझं घरही गावच्या बोअरमध्ये धरू.

तुझीच,
नीलम्मा