गाण्याखालचा आवाज

३ नोव्हेंबर

सापडली! काकांच्या लग्नाची डीव्हीडी — आईच्या ट्रंकेत, बाबांच्या मफलरमध्ये गुंडाळलेली. काकू परवा म्हणाली होती, "दारात अडवून तुझ्या बाबाला बी नाव घ्यायला लावलं हुतं. लय हसलो आमी." म्हणजे बाबा यात बोलतात! मी तीन वर्षांची असताना ते गेले, फौजेतून सुट्टीवर येताना, अपघातात. चेहरा फोटोत आहे. आवाज कुठेच नाही. स्वप्नात येतात, उसाच्या बांधावर उभे राहतात, ओठ हलतात — मला काहीच ऐकू येत नाही.

आईला विचारलं, कसा होता गं त्यांचा आवाज?

"मला न्हाई बाई आठवत." आणि भाकरी थापत बसली.

५ नोव्हेंबर

डीव्हीडी प्लेअर केव्हाच भंगारात गेलाय. आष्ट्याच्या बाजारात विचारलं तर दुकानदार हसला. राहिला आपला जुना कॉम्प्युटर. मामेभाऊ वीरधवलने गणपतीत त्यावरचं विंडोज काढून लिनक्स टाकून दिलं — "म्हातारं पळाय लागलं बघ!" पळतं खरं. पण डीव्हीडी घातली की नुसती घरघर, पडदा काळा. कसलंसं सॉफ्टवेअर नाही म्हणे. घरघर मात्र छान आहे, लांबून साखर कारखाना ऐकू यावा तशी. ऐकता ऐकता खुर्चीतच डोळा लागला.

६ नोव्हेंबर

नाहीच.

८ नोव्हेंबर

वीरधवल पुण्याहून फोनवर. त्याने पाठवलेली हुकुमाची ओळ पडद्यावरच्या काळ्या खिडकीत उतरवली, मग पासवर्ड. टाईप करतेय, करतेय — पडद्यावर एक टिंब उमटेल तर शपथ! मी ओरडले, अरे, काही जातच नाही!

"अगं ताई, दिसत न्हाई, पण आत जातंय. टाकत ऱ्हा."

गेलं की! ओळींमागून ओळी वाहायला लागल्या. कालव्याच्या पाण्याकडे बघत बसावं तशी बसून राहिले. उद्या लावायची. आज धीर नाही.

९ नोव्हेंबर

लागली!! मांडव, अक्षता, पिवळट उजेड... आणि बाबा! फेटा वाकडा. दारात उभे, लाजताहेत, तोंड उघडतात —

आणि सिनेमाचं गाणं.

शूटिंगवाल्याने अख्ख्या लग्नावर गाणी चढवलीत. तेव्हा सगळ्यांच्या लग्नाच्या डीव्हीड्या अशाच असायच्या. मला आधी कसं सुचलं नाही! वीरधवल म्हणाला, "मूळ आवाजच पुसलाय गं. त्याला लिनक्स तरी काय करणार?" खूप रडले. आईने दारातून पाहिलं. गोठ्याकडे निघून गेली.

१२ नोव्हेंबर

दुपारी आई गोठ्यातून हात पुसत आली. "लाव ती."

लावली. ती माझ्यामागे उभीच. बाबा दारात आले तशी म्हणाली, "गाणं बंद कर."

मी आवाज बंद केला. बाबांचे ओठ हलले, आणि आई बोलली. जाड, खालच्या आवाजात. बाबा जिथे खाकरताना दिसले, तिथेच खाकरून —

"कृष्णेच्या काठाला ऊस लावला दाट,
चंद्रा बघती माझ्या सुट्टीची वाट."

एक शब्द मागेपुढे नाही. बाबांनी घेतलेलं तिचं नाव, तिच्याच तोंडून. मी म्हटलं, तुला आठवत नव्हतं ना?

"बोलून टाकलं की सरंल, आसं वाटायचं गं."

मग दोघी रडलो. मग हसलोही, त्या वाकड्या फेट्याला.

१३ नोव्हेंबर

पहाटे बाबा आले. त्याच बांधावर. "शिवे," म्हणून मला हाक मारली. पहिल्यांदाच ऐकू आलं!

आवाज आईचा होता.